प्रिंटर ‘ऑफलाइन’ दाखवतोय? ड्रायव्हरला हात लावण्याआधी हे तपासा

“सर, प्रिंटर ऑफलाइन दाखवतोय.” मी कॉम्प्युटर आणि प्रिंटर दुरुस्तीची कामं करतो. मला येणारे बरेचसे फोन याच वाक्याने सुरू होतात, आणि पुढचं वाक्यही ठरलेलं असतं: “ड्रायव्हर काढून परत टाकला, तरी होत नाही.”

कसं होणार? दोष तिथे नसतोच. ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटरला प्रिंटरशी बोलायला शिकवणारं सॉफ्टवेअर. काल संध्याकाळपर्यंत नीट चाललेला ड्रायव्हर रात्रीतून सहसा बिघडत नाही. बदललेलं असतं दुसरंच काहीतरी. टेबल पुसताना केबल सैल झालेली असते, वीज जाऊन आल्यावर राउटरने प्रिंटरला नेटवर्कवरचा नवा पत्ता दिलेला असतो, नाहीतर सकाळी पाठवलेली एखादी फाइल रांगेत अडकून मागच्या सगळ्यांची वाट अडवून बसलेली असते. अशा वेळी ड्रायव्हर काढला की मूळ दोष तसाच राहतो आणि वर एक नवं काम वाढतं.

ऑफलाइन याचा अर्थ एवढाच, की कॉम्प्युटरने प्रिंटरला हाक मारली आणि त्याला ओ मिळाली नाही. ओ न मिळण्याची कारणं तीन ठिकाणी असतात: प्रिंटरमध्ये, मधल्या वाटेत, म्हणजे केबल किंवा वायफायमध्ये, नाहीतर कॉम्प्युटरमध्ये. आधी कुठे तुटलंय ते शोधायचं आणि मगच दुरुस्तीला हात घालायचा, एवढंच माझं सांगणं आहे. खाली विंडोज १० आणि ११ धरून लिहिलंय, कारण घरात, दुकानात, शाळेत आणि पतसंस्थेत बहुतेक करून तेच असतं.

आधी प्रिंटर एकटा चालतो का ते बघा

कॉम्प्युटरकडे जाणारी केबल काढून ठेवा. प्रिंटर ऑल-इन-वन असेल तर काचेवर एखादा छापील कागद ठेवून कॉपीचं बटण दाबा. स्वच्छ कॉपी निघाली तर शाई, टोनर, रोलर, कागद ओढणं हे सगळं शाबूत आहे. प्रिंटर उचलून सर्व्हिस सेंटरला न्यायची गरज नाही. कॉपीच निघाली नाही, तर पुढचं सगळं तूर्त बाजूला ठेवा. आधी प्रिंटरचंच काम करावं लागेल.

डॉट मॅट्रिक्सला कॉपीचं बटण नसतं, पण स्वतःची चाचणी असते. एप्सन एलएक्स-३१० असेल तर स्विच बंद करा, लाइन फीडचं बटण दाबून धरा आणि तसंच धरून स्विच चालू करा. कागद लावलेला असेल तर तो अक्षरांच्या ओळीमागून ओळी छापत सुटतो. थांबवायला पॉज दाबा.

दिवे नीट बघा. केशरी किंवा लाल दिवा लुकलुकत असेल तर कागद संपलाय, झाकण उघडं आहे किंवा आत कागद अडकलाय. यातलं एक कारण फार फसवं आहे. आपल्याकडे ए४ आणि लीगल असे दोन्ही कागद रोज वापरले जातात. वर्डमध्ये किंवा पीडीएफच्या प्रिंट खिडकीत लीगल निवडलेलं असतं आणि ट्रेमध्ये ए४ असतो. प्रिंटर लीगल कागदाची वाट बघत थांबतो आणि स्क्रीनवर मात्र ‘एरर’ दिसतं. लोक केबल बदलतात, कॉम्प्युटर बंद-चालू करतात. फक्त कागदाचं माप बदलायचं असतं.

विजेबद्दल एकच गोष्ट. लेझर प्रिंटर कॉम्प्युटरच्या छोट्या यूपीएसवर लावू नका. त्यातला फ्यूजर, म्हणजे टोनर कागदावर पक्का करणारा तापता रोलर, तापायला लागला की एकदम मोठा विजेचा ओढा होतो. यूपीएस ट्रिप होतो आणि त्याच्याबरोबर कॉम्प्युटरही बंद पडतो. लेझर प्रिंटर सरळ भिंतीतल्या सॉकेटला लावा. इंकजेटला आणि इंक टँकवाल्या प्रिंटरला ही अडचण नाही.

केबलवाला प्रिंटर

केबल दोन्ही टोकांनी पूर्ण काढा आणि परत घट्ट बसवा. नुसती दाबून बघू नका. प्रिंटरकडचं चौकोनी टोक वर्षानुवर्षं हलून सैल होतं आणि बाहेरून ते बसलेलंच दिसतं. कॉम्प्युटरच्या मागच्या पोर्टला लावा, पुढच्या नको. हब किंवा एक्स्टेन्शन मध्ये असेल तर ते काढून टाका. यूएसबी २.० ची केबल जास्तीत जास्त ५ मीटर चालते, पण माझा अनुभव दीड-दोन मीटरच्या वर न जाण्याचा आहे. प्रिंटर खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवायचा असेल तर तो वायफायचा किंवा लॅनचाच, म्हणजे नेटवर्कच्या केबलने राउटरला जोडता येणारा, घ्यावा.

केबल लावल्यावर कान द्या. विंडोज ‘टिंग-टुंग’ असा दोन सुरांचा आवाज करतं. आवाज आला म्हणजे पलीकडे कुणीतरी आहे, एवढं कॉम्प्युटरला कळलं. आवाज आलाच नाही तर केबल, पोर्ट किंवा प्रिंटरचं सॉकेट या तिघांपैकी एक दोषी आहे, आणि तिघांत सर्वांत स्वस्त केबल, म्हणून ती आधी बदलून बघा. शेजारच्या दुकानातून पाच मिनिटांसाठी आणली तरी चालेल. डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजच्या जोडलेल्या यंत्रांच्या यादीत, ‘अननोन यूएसबी डिव्हाइस’ आणि पुढे ‘डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड’ असं दिसत असेल तरीही संशय आधी केबल आणि पोर्टवरच घ्या.

आवाज येतोय, दिवा हिरवा आहे, तरी प्रिंट निघत नाही? मग सेटिंग्ज, ब्लूटूथ अँड डिव्हाइसेस, प्रिंटर्स अँड स्कॅनर्स असं जा. विंडोज १० मध्ये ब्लूटूथच्या जागी नुसतं डिव्हाइसेस असतं. यादीत एकच प्रिंटर दोनदा दिसतोय का? एक मूळ नावाचा आणि दुसऱ्यापुढे ‘कॉपी १’? झाडलोट करताना कुणीतरी केबल काढून ती दुसऱ्या पोर्टला लावली की असं होतं. विंडोजला तो नवाच प्रिंटर वाटतो. चालतो तो ‘कॉपी १’, आणि तुमचं प्रत्येक पान जातं जुन्या, आता कुठेच नसलेल्या प्रिंटरकडे. ज्याच्यावर टेस्ट पेज निघतं तो ठेवा, त्याला डिफॉल्ट करा आणि दुसरा काढून टाका.

त्याच पानावर खाली ‘लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर’ असा पर्याय आहे. तो बंद करा. चालू असला की तुम्ही शेवटचा वापरलेला प्रिंटर विंडोज आपणहून डिफॉल्ट करतं. एकदा पीडीएफ बनवली की पुढची प्रत्येक प्रिंट ‘प्रिंट टू पीडीएफ’कडे जाते. प्रिंट दिल्यावर फाइल कुठे सेव्ह करू असं विचारणारी खिडकी उघडत असेल तर हेच झालंय, प्रिंटरचा त्यात काही दोष नाही.

एचपी लेझरजेट १०२० आणि १०२० प्लस अजून कितीतरी ऑफिसांत चालतात, म्हणून त्यांच्याविषयी वेगळं सांगतो. या प्रिंटरचं आतलं चालक सॉफ्टवेअर, ज्याला फर्मवेअर म्हणतात, त्याच्या पोटात कायमचं नसतं. प्रत्येक वेळी चालू केल्यावर कॉम्प्युटर ते यूएसबीवरून त्याला पाठवतो. कॉम्प्युटर तयार व्हायच्या आधी प्रिंटर चालू झाला आणि ही पाठवणी हुकली, तर दिवा लागतो पण प्रिंटर मुका राहतो. उपाय साधा: विंडोज पूर्ण सुरू होऊ द्या, मग प्रिंटर बंद करून दहा सेकंदांनी चालू करा. राउटरच्या यूएसबी पोर्टला लावून तो सगळ्यांसाठी वापरता येईल असं काहींना वाटतं. याच कारणाने ते सहसा जमत नाही; राउटर त्याला फर्मवेअर कुठून देणार?

जुना डॉट मॅट्रिक्स यूएसबी-टू-पॅरलल केबलने जोडला असेल तर प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये पोर्ट्स उघडून बघा. तिथे एलपीटी१ वर, म्हणजे जुन्या पॅरलल पोर्टवर, टिक असते आणि केबलचं पोर्ट असतं यूएसबी००१ किंवा ००२. टिक हलवली की काम झालं.

रांग अडली असेल तर

तुम्ही प्रिंट दिली की पान थेट प्रिंटरकडे जात नाही. विंडोजमधला प्रिंट स्पूलर ते आधी हार्ड डिस्कवर उतरवून घेतो आणि मग एकेक करून पुढे पाठवतो. पहिलं पान अडकलं की मागचं काहीच सरकत नाही. कागद मध्येच अडकला आणि तुम्ही प्रिंटरचा स्विच बंद केला, किंवा एखादी जड पीडीएफ अर्ध्यावर रद्द केली, की हे हमखास होतं. यादीत ‘डिलीटिंग’ असं दिसतं आणि तासभर थांबलं तरी ते जात नाही.

आधी प्रिंटरची रांग उघडा आणि ‘पॉज प्रिंटिंग’ किंवा ‘यूज प्रिंटर ऑफलाइन’ यावर चुकून टिक पडलीय का ते बघा. विंडोज १० मध्ये रांगेच्या खिडकीतल्या प्रिंटर मेनूत हे सापडतं. टिक असेल तर काढा. नसेल, तर रांग मुळापासून साफ करायची ती अशी:

१. स्टार्टच्या शोधपट्टीत ‘सर्व्हिसेस’ इंग्रजीत टाइप करून ती खिडकी उघडा. यादीत ‘प्रिंट स्पूलर’ शोधा, त्यावर उजवी क्लिक करून ‘स्टॉप’ करा.

२. फाइल एक्सप्लोररमध्ये सी ड्राइव्ह उघडा. त्यात विंडोज, मग सिस्टिम३२, मग स्पूल, मग प्रिंटर्स. परवानगी मागेल, ‘कंटिन्यू’ म्हणा.

३. आत एसपीएल आणि एसएचडी अशा शेवटाच्या फाइली दिसतील. त्या सगळ्या डिलीट करा. फक्त आतल्या फाइली. ‘प्रिंटर्स’ हे फोल्डर जिथल्या तिथे राहू द्या आणि शेजारच्या ‘ड्रायव्हर्स’ फोल्डरला अजिबात हात लावू नका.

४. प्रिंटरचा स्विच बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करा. त्याच्या स्मरणात राहिलेलं अर्धं पान त्याने निघून जातं.

५. परत सर्व्हिसेसमध्ये येऊन प्रिंट स्पूलर ‘स्टार्ट’ करा आणि आधी एक टेस्ट पेज द्या. चाळीस पानांची फाइल लगेच देऊ नका.

या कॉम्प्युटरवरून दुसरे लोकही प्रिंट काढत असतील तर आधी त्यांना विचारा. रांग साफ केली की त्यांचीही पानं जातात.

वायफायचा प्रिंटर

सर्वांत जास्त वेळ इथे जातो आणि सर्वांत जास्त गैरसमजही इथेच आहेत, म्हणून जरा सावकाश सांगतो.

एका मार्चअखेरीस एका पतसंस्थेतून फोन आला. बाकावर सात-आठ सभासद बसलेले. “दादा, आज पावत्या निघाल्या नाहीत तर ही मंडळी इथून हलणार नाहीत,” कॅशियर ताई म्हणाल्या. मी प्रिंटरची यादी उघडली तर एकाच प्रिंटरची सहा नावं: एक मूळ आणि मग ‘कॉपी १’पासून ‘कॉपी ५’पर्यंत. सहाही फिकट. दुपारपासून त्यांनी पाच वेळा ड्रायव्हर टाकला होता.

प्रिंटरच्या छोट्या पडद्यावर नेटवर्क उघडलं. पत्ता दिसला १९२.१६८.१.७. मग विंडोजमध्ये मूळ प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये पोर्ट्स उघडलं. तिथे पत्ता होता १९२.१६८.१.४. म्हणजे कॉम्प्युटर दुपारपासून चौथ्या क्रमांकाचं दार ठोठावत होता आणि प्रिंटर सातव्यात बसला होता. मग चौथ्यात कोण? शोधल्यावर तो मॅनेजर साहेबांचा मोबाइल निघाला. दुपारी तासभर वीज गेली होती. बऱ्याच घरगुती राउटरची पत्त्यांची वही वीज गेली की कोरी होते. वीज आल्यावर जो आधी येईल त्याला तो पुढचा मोकळा पत्ता देतो. साहेबांचा मोबाइल आधी आला, प्रिंटर नंतर.

तर पहिलं काम म्हणजे प्रिंटरचा खरा पत्ता शोधणं. पडदा असेल तर नेटवर्क किंवा वायरलेस स्टेटसमध्ये आयपी अ‍ॅड्रेस म्हणून तो असतो. पडदा नसलेल्या प्रिंटरवर नेटवर्कची स्थिती छापून देणारं बटण असतं. कोणतं ते त्याच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. हाती आलेला पत्ता नीट वाचा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही, प्रिंटरने आपणच एक तात्पुरता घेतलाय. पत्ताच नसेल किंवा सगळी शून्यं असतील तर प्रिंटर वायफायला जोडलेलाच नाही. या दोन्ही वेळी कॉम्प्युटरवर काही करून उपयोग होणार नाही. आधी प्रिंटर वायफायला जोडा.

पत्ता ठीक असेल तर तो कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये, जिथे वेबसाइटचं नाव लिहितो तिथे, टाइप करून एंटर दाबा. आजकालच्या बहुतेक नेटवर्क प्रिंटरचं स्वतःचं पान उघडतं. मॉडेलचं नाव, शाई किती उरलीय हे दिसतं. पान उघडलं म्हणजे वाट मोकळी आहे आणि दोष कॉम्प्युटरमधल्या नोंदीत आहे. पिंगपेक्षा, म्हणजे एखाद्या पत्त्याला हाक मारून उत्तर येतं का बघणाऱ्या कमांडपेक्षा, मला ही चाचणी जास्त भरवशाची वाटते. त्या पतसंस्थेत चौथ्या क्रमांकाला पिंग केलं तेव्हा उत्तर येत होतं, पण देत होता मोबाइल. पिंगची आणखी एक मेख आहे. ‘रिप्लाय फ्रॉम’ दिसलं की माणूस खूश होतो, पण त्याच ओळीत पुढे ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ असेल तर ते उत्तर तुमच्याच कॉम्प्युटरने दिलेलं असतं. नीट बघा, पत्ताही त्याचाच असतो.

पान उघडत नसेल तर कॉम्प्युटर आणि प्रिंटर एकाच जाळ्यात आहेत का ते तपासा. ब्रॉडबँडचे नवे राउटर दोन लहरींवर चालतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. कितीतरी घरगुती प्रिंटरना फक्त २.४ कळते. राउटरवर दोन्हींना एकच नाव दिलेलं असेल आणि प्रिंटर जोडायला कटकट करत असेल, तर राउटरमध्ये जाऊन २.४ चं नाव वेगळं करा आणि प्रिंटर तिथे जोडा. कॉम्प्युटर ५ वर राहिला तरी बिघडत नाही, राउटर दोघांची गाठ घालून देतो. गेस्ट नेटवर्कवर, म्हणजे राउटरच्या पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवर, मात्र ही गाठ पडत नाही. तिथे प्रत्येक यंत्राला मुद्दाम दुसऱ्यापासून तोडलेलं असतं, त्यामुळे प्रिंटर कधीही गेस्टवर जोडू नका. आणि राउटर नवा घेतल्यापासून जुना प्रिंटर पासवर्ड बरोबर देऊनही जोडत नसेल, तर राउटरची सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए३ वर आहे का बघा. जुन्या प्रिंटरना ती कळत नाही. डब्ल्यूपीए२ किंवा दोन्ही मिळून असलेला पर्याय निवडा.

डब्ल्यूपीएस बटणाने, म्हणजे पासवर्ड न टाकता, जोडत असाल तर राउटरचं बटण दाबल्यावर दोन मिनिटांच्या आत प्रिंटरचं बटण दाबावं लागतं. राउटर वरच्या मजल्यावर आणि प्रिंटर खाली असेल तर दोन माणसं लागतात, हे आधीच लक्षात घ्या.

आता पक्का इलाज. प्रिंटरला कायमचा पत्ता द्या. राउटरचं पान उघडा. ते बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ वर असतं, जिओ फायबरचं १९२.१६८.२९.१ वर. त्यात डीएचसीपीच्या, म्हणजे यंत्रांना पत्ते वाटायच्या, विभागात अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन, स्टॅटिक लीज, बाइंडिंग अशा कुठल्या तरी नावाने सोय असते. जोडलेल्या यंत्रांच्या यादीतून प्रिंटर निवडा आणि त्याच्या अंगच्या ओळख क्रमांकासमोर, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेससमोर एक पत्ता लिहून सेव्ह करा. यापुढे वीज कितीही वेळा गेली तरी प्रिंटरला तोच पत्ता मिळतो. राउटरमध्ये जाता येत नसेल तर प्रिंटरच्याच नेटवर्क सेटिंगमध्ये पत्ता हाताने भरता येतो. मात्र राउटर शेवटचा आकडा २ ते १०० असलेले पत्ते वाटत असेल तर प्रिंटरला २०० द्या, त्याच्या वाटपातला नको. नाहीतर एक दिवस एकच पत्ता दोघांना जाईल.

मग कॉम्प्युटरकडे या. प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये पोर्ट्स, तिथे अ‍ॅड पोर्ट, स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट, न्यू पोर्ट, आणि पत्ता लिहा. बस, एवढ्यावर जुना प्रिंटर परत बोलायला लागतो. ड्रायव्हर तोच राहतो, डिफॉल्ट तोच राहतो. पोर्टचं नाव डब्ल्यूएसडी ने सुरू होत असेल तर हा बदल जरूर करा. ती विंडोजची आपोआप शोधून जोडायची पद्धत आहे आणि प्रिंटर झोपून उठला की ती वरचेवर चुकते. प्रिंट व्यवस्थित निघतेय पण नाव मात्र अधूनमधून ऑफलाइन होतंय, असंही दिसतं. तेव्हा त्याच पोर्टच्या कॉन्फिगर खिडकीत ‘एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड’ वरची टिक काढा. प्रिंटरची खुशाली विचारायची ती एक पद्धत आहे. काही प्रिंटर तिला उत्तर देत नाहीत आणि कॉम्प्युटर त्यांना गैरहजर धरतो.

पतसंस्थेत पोर्ट बदलायला चार मिनिटं लागली. पाच कॉपी काढून टाकायला त्याहून जास्त.

एका कॉम्प्युटरचा प्रिंटर सगळ्यांनी वापरायचा असेल तर

एका टेबलावरच्या कॉम्प्युटरला केबलने प्रिंटर आणि बाकी तिघे शेअरिंगने वापरतात, अशी मांडणी ऑफिसांत सर्रास आहे. २०२१ पासून ती त्रासदायक झाली, आणि त्याला कारण आहे. त्या वर्षी जुलैच्या सुमारास विंडोजच्या प्रिंट स्पूलरमधला ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाचा गंभीर दोष उघड झाला. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने छपाईचे नियम एकामागून एक कडक केले. ऑगस्टच्या अपडेटपासून नेटवर्कवरून प्रिंटरचा ड्रायव्हर टाकायला अ‍ॅडमिनचे अधिकार लागू लागले, आणि सप्टेंबरच्या अपडेटनंतर शेवटी ११बी असलेला एरर जागोजागी दिसू लागला. शेवटी ७०९ असलेला एररही याच घराण्यातला.

या एररवर रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या साठ्यात, एक किल्ली शून्य करायचा तोडगा इंटरनेटवर सगळीकडे सापडतो. तो चालतो, पण जो दोष बुजवण्यासाठी अपडेट आलं तेच दार तो परत उघडतो. सभासदांच्या ठेवी किंवा रुग्णांच्या नोंदी असलेल्या कॉम्प्युटरवर मी तो करत नाही, तुम्हीही करू नका.

त्याऐवजी असं करा. आधी सगळ्या कॉम्प्युटरवर विंडोजची अपडेट पूर्ण करा. एक अद्ययावत आणि एक दोन वर्षं जुना अशी जोडी असली की हे एरर जास्त येतात. सगळीकडे नेटवर्क ‘प्रायव्हेट’ आहे का बघा, ‘पब्लिक’ असेल तर फायरवॉल शेअरिंग अडवतो. ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ चालू करा. ज्या कॉम्प्युटरला प्रिंटर आहे त्यावर पासवर्ड असलेला एक युजर तयार करा आणि बाकीच्यांनी त्याच नावाने जोडणी करावी. विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत बिनपासवर्डाची पाहुणेगिरी चालत नाही. आणि प्रिंटर जोडलेला कॉम्प्युटर झोपणार नाही अशी पॉवरची सेटिंग ठेवा. तो झोपला की सगळं ऑफिस ऑफलाइन.

तरीही अडलं तर पुढची वाट बऱ्याचदा साधते. ज्या कॉम्प्युटरवरून प्रिंट काढायची आहे त्यावर प्रिंटर हाताने जोडायचा पर्याय घ्या, नेटवर्क प्रिंटर न निवडता ‘लोकल प्रिंटर’ घ्या, ‘क्रिएट अ न्यू पोर्ट’मध्ये ‘लोकल पोर्ट’ निवडा. पोर्टच्या नावात दोन उलट्या तिरक्या रेघा, प्रिंटर जोडलेल्या कॉम्प्युटरचं नाव, परत एक उलटी तिरकी रेघ आणि प्रिंटरचं शेअर नाव लिहा. मग ड्रायव्हर इथेच, याच कॉम्प्युटरवर टाका. ड्रायव्हर पलीकडून आणायचाच नसल्यामुळे बरेचसे अडथळे वाटेतच येत नाहीत.

पण ऑफिसात तीनपेक्षा जास्त लोक प्रिंट काढत असतील तर माझा सल्ला स्पष्ट आहे: पुढचा प्रिंटर लॅनची केबल लागणारा घ्या, राउटरला जोडा, कायमचा पत्ता द्या. कुणाचा कॉम्प्युटर चालू आहे, कोण रजेवर आहे, याच्याशी छपाईचा संबंध राहत नाही.

आता ड्रायव्हर

वरचं सगळं तपासून झालं आणि तरी प्रिंट नाही, किंवा पानावर अक्षरांऐवजी चित्रविचित्र चिन्हांच्या ओळी येतायत, तर मग ड्रायव्हर बदलायची वेळ आली. चिन्हांच्या ओळी म्हणजे बहुधा दुसऱ्याच मॉडेलचा ड्रायव्हर लागलेला असतो.

नुसतं यादीतून ‘रिमूव्ह’ केल्याने ड्रायव्हर जात नाही. त्याच्या फाइली आत राहतात आणि प्रिंटर परत जोडला की विंडोज त्याच वापरतं. म्हणून अ‍ॅप्सच्या यादीतून कंपनीचं सॉफ्टवेअरही काढा. विंडोज १० मध्ये प्रिंटर्सच्या पानावर ‘प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज’ आहे. त्यात ‘ड्रायव्हर्स’मध्ये जाऊन ड्रायव्हर आणि ‘पॅकेज’ दोन्ही काढायचा पर्याय निवडा. ‘इन यूज’ म्हणून नकार आला तर स्पूलर बंद-चालू करून लगेच परत प्रयत्न करा. मग कॉम्प्युटर रिस्टार्ट. यूएसबीचा प्रिंटर असेल तर या सगळ्या वेळात त्याची केबल काढलेली हवी. सेटअप ‘आता जोडा’ म्हणेल तेव्हाच लावा. आधी लावली की विंडोज स्वतःचाच कुठला तरी ड्रायव्हर घुसवून मोकळं होतं.

ड्रायव्हर उतरवा तो कंपनीच्या अधिकृत साइटवरूनच, आणि साइटचा पत्ता प्रिंटरच्या पुस्तिकेतून घ्या. हे मी फार कळकळीने सांगतोय. ‘प्रिंटर ऑफलाइन’ असं शोधलं की कंपनीच्या नावाने खोट्या हेल्पलाइनचे नंबर दिसतात. ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांनी अशा नंबरवर फोन केला. समोरच्याने गोड बोलून स्क्रीन दूरवरून चालवणारं अ‍ॅप टाकायला लावलं, कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे म्हणून घाबरवलं आणि पैसे मागितले. गुरुजींनी बँकेचा ओटीपी सांगायच्या आत मुलीला फोन केला म्हणून वाचले. त्यांच्या प्रिंटरची केबल निघालेली होती. कुठलीही प्रिंटर कंपनी ऑफलाइन दुरुस्त करायला ओटीपी मागत नाही. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

मोबाइलवरून प्रिंट निघत नसेल तर बघायचं थोडंच असतं: मोबाइल त्याच वायफायवर आहे का, की मोबाइल डेटावर? अ‍ॅण्ड्रॉइडमध्ये ‘प्रिंटिंग’च्या सेटिंगमध्ये प्रिंट सर्व्हिस चालू आहे का? बाकी पत्त्याचं आणि गेस्टचं जे वर सांगितलं तेच इथेही लागू.

सगळं चालू झालं की प्रिंटरच्या अंगावर, कागदाच्या ट्रेच्या वरच्या बाजूला, एक चिठ्ठी चिकटवा. मॉडेलचं पूर्ण नाव, दिलेला कायमचा पत्ता, कोणत्या वायफायवर जोडलाय त्याचं नाव, आणि कोणत्या तारखेला जोडला ते. वायफायचा पासवर्ड तेवढा लिहू नका. त्या पतसंस्थेच्या प्रिंटरवर कॅशियर ताईंनी निळ्या पेनाने लिहिलेली चिठ्ठी आहे, वरून सेलोटेप मारलेली. परवा राउटर बदलला तेव्हा त्यांनी मला फोनवर ती वाचून दाखवली, आणि पोर्टचा पत्ता त्यांनी स्वतःच बदलला.